दोन घागरींचं लुगडं

मुलाकडच्या आजींनी निरोप धाडला होता, मुलीला नव्या साडीत बसवू नका, घरातलं जुनं लुगडं नेसवा. नवी साडी कुणालाही बाजारात मिळते, जुन्या लुगड्यावरून घर कळतं, असं त्यांचं म्हणणं. निरोप आणला आमच्या स्वामींनी. ते दोन्ही घरी पूजेला जायचे आणि जाता-येता सोयरिकी जुळवायचे. बशीतला चहा संपवून त्यांनी आवाज खाली आणला. "असंल ना तुमच्याकडं काही? नसंल तर तसं सांगतो. समजून घेतील, चांगली माणसं हायत."

'समजून घेतील' हे मला झोंबलं. सौदा करताना मी दिवसभर गप्प बसू शकते, पण कुणी माझ्यावर दया दाखवली की माझं डोकं फिरतं. मी म्हणाले, "असंल म्हंजे? शंभर वर्साचं हाय. जरीचं. सांगा जाऊन त्यांना."

स्वामी गेले आणि मी तिथंच पाटावर बसून राहिले. लुगडं होतं, जरीचं होतं, शंभर वर्षांचंही असेल. पण ते आमच्या घरातलं नव्हतं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा वर्ष झालं असेल. गावभर पाट्या रंगवणं चाललं होतं, नव्या कचेऱ्यांना जागा मिळत नव्हती, आणि माझं भांड्यांचं दुकान बरं चाललं होतं. मुलगी तेवीस वर्षांची, शाळेत मास्तरीण. मुलगा नव्या जिल्हा कचेरीत कारकून. शाळेच्या कागदांसाठी तिला तिथं जावं लागायचं. ती काही बोलली नव्हती, पण कचेरीत जायच्या दिवशी वेणी दोनदा घालायची, एवढं मला दिसत होतं. त्याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. पहिल्यांनी कारणच सांगितलं नाही. दुसऱ्या घरची बाई आमच्याच गल्लीत कुणाला तरी म्हणाली, "पोरगी चांगली हाय हो, पण आई बोहारीण ना तिची." हे तिसरं स्थळ. हेही गेलं असतं तर आमच्या समाजात चौथं कुणी उंबऱ्याशी आलं नसतं.

बोहारीण म्हणजे भांडी देऊन जुने कपडे घेणारी. ते काम आमच्यात कुणी केलेलं नव्हतं. आम्ही वाणी माणसं. मुरुडला मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, किराणा दुकान होतं, ते बहात्तरच्या दुष्काळात बसलं. गिऱ्हाईक खडी फोडायच्या कामावर गेलं आणि घरी बसलेल्यांनी विकत घेणंच थांबवलं. मालक शांत माणूस, रिकाम्या बरण्या पुसत बसायचे. लातूरला एका भांडेवाल्याकडं मी काम मागायला गेले, तर त्यानं जुन्या कपड्यांचा धंदा समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी टोपली डोक्यावर घेतली. मुरुडच्या बायका दारात येऊन बघत होत्या. माझी सख्खी जाऊ म्हणाली, "लिंगायताची सून गं तू, वरसभर उपाशी राहिली असतीस तर काय झालं असतं?" तिला मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या धंद्यात मला एक गोष्ट पहिल्या महिन्यातच कळली. घरातली कपड्यांची पेटी वरून रिकामी होत जाते. सुरुवातीला बायका वरचं आणायच्या, टेरिलीनचे सदरे, विटलेल्या वायलच्या साड्या. पुढं मधला थर निघाला. पांढऱ्या टोप्या, जाडंभरडं खादीचं धोतर, त्याच्याखाली निजामाच्या वेळची शेरवानी, एखादी रुमी टोपी. आणि उन्हाळा चढला तसा अगदी तळाचा थर बाहेर यायला लागला. ते कपडे मी त्याआधी कधी पाहिलेच नव्हते. बटणांऐवजी बंद असलेले अंगरखे, छातीवर डावीकडं एक गाठ, उजवीकडं एक. घेर इतका की त्यात आजची तीन माणसं मावतील. पागोटी, ज्यांचं कापड उलगडलं तर अंगण संपायचं, आणि घडीच्या आत आणखी दोन-तीन रंग लपलेले. फिकं पडलं की रंगाऱ्याकडं जायचं, नवा रंग चढायचा. खणाच्या चोळ्या, पुढं गाठ मारायच्या. आतून नेसायचे परकर नाहीत. आणि खिसा कशालाच नाही. मी मुद्दाम चाचपून पाहायचे. ज्या माणसाच्या अंगरख्याला खिसा नाही तो बाजारात जाऊन काही घेत नसणार. त्याच्या मागून पैशांचा कसा घेऊन कुणी चालत असणार, नाहीतर बाजारच त्याच्या दारी येत असणार.

आमच्या घरातून असं काही निघालं नसतं. गरिबाचं कापड इतकी वर्षं राहत नाही. ते अंगावर फाटतं, मग वाकळेत जातं, मग त्याचं पोतेरं होतं. माझ्या आईचं एकही लुगडं मागे उरलं नाही. शंभर वर्षांचं कापड बघायला मिळालं ते सगळं दुसऱ्यांचं.

ते जरीचं लुगडं मला अहमदपूरच्या पलीकडच्या एका गावात मिळालं. मोठं घर, दारात चिंच. मी पुढच्या दारी हाक दिली तर एका म्हातारीचा आवाज आला, "आमच्यात जर्मनचं भांडं येत न्हाई. पुढं जा." जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं. मी पुढं निघाले तर मागच्या बोळातून कुणी तरी हळूच हाक मारली. मागचं दार वीतभर उघडं. आत अंधार, बाहेर फक्त एक हात, हिरव्या बांगड्या.

"घागरी हायत का, हलक्या?"

"हायत की वैनीबाई. भाईर या, वाजवून बघा."

"भाईर येता येत न्हाई. इकडं द्या."

मी एक घागर दाराशी सरकवली. हातानं ती उचलून पाहिली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मला समजलं. अशा घरात पाणी आणायला गडी-बाया असत, पण त्या साली त्या सगळ्या खडीवर गेल्या होत्या. घरात तांब्याचे हंडे असणार आणि ते भरून मैलभर चालणं या सुनेच्यानं होत नसणार. गरज कळली की भाव ठरवणं सोपं असतं. ती आधी दोन पातळं दाखवून पाहत होती. मी नको म्हटलं. मग एक शेरवानी. त्यावरही मी टोपली उचलायचं सोंग केलं. तेव्हा आत पेटीचं झाकण वाजलं आणि मग दारातून ते लुगडं बाहेर आलं. डाळिंबी रेशीम, आणि पदर जरीनं इतका भरलेला की तो हातात जड लागला.

"एक घागर," मी म्हणाले.

"दोन. एकीवर न्हाई देणार. एकीत काय व्हतं? घरात सात माणसं, जनावरं येगळी."

"दोन देते, पण मग शेरवानीबी टाका."

"शेरवानी त्यांची हाय. हे… दोन द्या. लवकर."

मी दोन दिल्या. दार लागलं. तोंड मी पाहिलं नाही. तिनं कुणाचं कापड दिलं, विचारून दिलं की न विचारता, हे मी विचारलं नाही. आमच्या धंद्यात ते विचारत नाहीत. विचारलं की सौदा मोडतो.

लातूरला जरवाले होते. जुन्या कपड्याची जर काढून घेत, ती जाळत आणि खाली चांदी उरे. त्या एका उन्हाळ्यात मी त्यांना किती पदर नेऊन दिले असतील! हेही दिलं असतं. पण त्या दिवशी गादीवर बसलेल्यानं पदर काडीच्या जाळावर धरून पाहिला, नाक मुरडलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "बोहारणीला काय कळतं, दे तिला कायतरी." मी लुगडं त्याच्या हातातून हिसकावून घेतलं. त्याचा भाव खरं तर वाईट नव्हता. पण मी परत गेले नाही, आणि दुसरीकडं नेलं तर त्याला कळेल म्हणून दुसरीकडंही नेलं नाही. लिंबाचा पाला घालून ते पेटीत ठेवलं. दर वर्षी मी आणि मुलगी दोघी मिळून त्याला ऊन दाखवायचो. इतकंच.

आता स्वामींना फुशारकीनं सांगून बसले होते. दोन दिवसांनी ते वेळ ठरवायला आले, तेव्हा मी सहज म्हणून विचारलं, "मूळ गाव कोणतं म्हणायचं त्यांचं?"

स्वामींनी गाव सांगितलं. "जुनं घर हाय. दारात चिंच हाय बगा, लई मोठी. आता पोराच्या नोकरीपायी लातुरात राह्यला आल्यात समदी."

माझ्या हातातलं भांडं खाली पडलं नाही, एवढंच.

त्या घरची म्हातारी म्हणजे हीच आजी. तिनं लुगडं ओळखलं तर काय? मी तिच्या घरचं कापड आमच्या घरच्या पणजीचं म्हणून तिच्यासमोर मुलीच्या अंगावर घालून बसवणार. चोरीचं म्हणेल. चोरीचं नाही म्हणावं तर बोहारणीचं आहे हे सांगावं लागेल. दोन्हीकडून स्थळ गेलंच. नवी साडी नेसवावी तर मीच म्हणून बसलेली, शंभर वर्षांचं आहे.

चार दिवस हातात होते. एक दिवस मी एसटीनं नांदेड गाठलं. तिथं जुनी जर घेणारा एक म्हातारा मुसलमान व्यापारी मला धंद्यामुळं माहीत होता; त्याच्याकडंही मी माल नेला होता. दुसरं जुनं लुगडं मिळालं असतं तर मी मागेल तो भाव दिला असता, आणि असं मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. त्यानं हात उलटे केले.

"अब कहां से लाऊं, बाई? समदं जळालं की त्या दुष्काळात."

"एकबी न्हाई ठेवलं?"

"कैसे रखते? पोटाला काय घातलं असतं? और आप भूल गयीं क्या? अर्धे गठ्ठे आपणच तर आणून दिल्याले."

मी त्याच्याशी भांडले. कशावरून ते आठवत नाही, तो काही चुकीचं बोलला नव्हता. परतीची गाडी अहमदपूरला बराच वेळ थांबली, आणि स्टँडवर उतरावं, त्या गावाला जाऊन ते चिंचेचं घर एकदा बघून यावं, असं मनात येत राहिलं. बघून काय होणार होतं? उतरले नाही.

मुलीला मी एवढंच सांगितलं, "विचारलं तर पणजीचं म्हण."

"आणि पणजीचं नाव विचारलं तर?"

"ते न्हाई विचारत कुणी."

"आई, ते कुठून आलंय ते मला माहीत हाय."

"माहीत हाय तर गप बस."

ती लुगड्याच्या घडीवरून हात फिरवत बसली. ती अशी शांत बसली की मला तिच्यात तिचा बाप दिसतो आणि जास्तच राग येतो.

ते लोक सकाळी दहाला आले. जीपमधून उतरले ते चौघे. मुलगा, त्याचे वडील, आई आणि आजी. आजीला सगळे अव्वा म्हणत होते. जाड भिंगाचा चष्मा, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पण पाठ सरळ. मुलाची आई भरदार, गोरी, बोटात नवी अंगठी. मालकांनी त्यांना बसवलं, मी पाण्याचा तांब्या पुढं केला. ती म्हणाली, "पाणी न्हाई लागत, आताच घेतलं."

दहा वर्षं झाली होती आणि मधे एक दार होतं, तरी तो आवाज मी ओळखला. आवाजाची एक सवय असते, शब्दाच्या शेवटी थोडा श्वास सोडायची. 'दोन द्या, लवकर' म्हणतानाही तो असाच सुटला होता. तिनं मात्र मला ओळखलं नाही. मी तेव्हा उन्हानं काळी ठिक्कर पडलेली, डोक्यावर टोपली, कासोटा घातलेली. आता दुकानाची मालकीण.

मग मुलगी बाहेर आली, आणि तिच्या अंगावरचं लुगडं पाहून त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. आता तिनं मला ओळखलं. तिच्या कानामागून घाम उतरला. मला मनातून जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

अव्वानं मुलीला जवळ बसवून घेतलं. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि बोलता बोलता तिचा पदर हातात घेतला. पदर तळहातावर तोलला. मग किनारीवरून अंगठा फिरवत राहिली.

"आमच्यात असंच व्हतं," अव्वा म्हणाली. "माज्या सासूच्या लग्नाच्या वरसाचं. तवा हैदराबादेकडनं एक व्यापारी दोन तट्टं घिऊन यायचा. आला की चार दिस वसरीवर मुक्काम, शिधा आमचा. पुरुषमाणसं म्होरं बसून माल बघायची. बायका दाराआड. बायकांनी बोलायचं न्हाई, सामोरं यायचं न्हाई. लुगड्याचं एक टोक त्येनं धरायचं, दुसरं टोक म्हातारी मोलकरीण आत न्यून द्यायची. आतल्या बाईला आवडलं न्हाई की तिनं टोक सोडायचं. आवडलं तर वढून धरायचं. सासू सांगायची, म्या बारा वरसांची व्हते, धरलं ते धरलंच. व्यापारी भाईरून वढतोय, म्या आतून. तिचा सासरा हासला म्हणं. म्हणला, पोरीनं धरलंय, मोजा आता."

मुलाचे वडील म्हणाले, "मोजायची गंमत सांग की."

"त्येचा हात आखूड. हातानं मोजायचे ना तवा. आखूड हाताचा माणूस मुद्दाम यायचा धंद्याला. म्हणून आमच्या खांबावर सासऱ्याच्या हाताची खूण कोरल्याली. मोजून झालं की खांबाला लावून परत मोजायचं. व्यापारी रोज भांडायचा आन रोज हारायचा." ती हसली. मग हसू थांबलं. "दुष्काळात गेलं ते. उंदरांनी खाल्लं. ह्या सुनेनं मला चिंध्या दावल्या."

सून जमिनीकडं बघत होती.

"रेशीम खातेत उंदरं," अव्वा म्हणाली. "जर न्हाई खात. जर कुठं गेली ते मला कुणी सांगितलं न्हाई." आणि मग भिंगं माझ्याकडं वळली. "तुमच्याकडं कुठून आलं म्हणायचं हे?"

मी म्हणाले, "माझ्या सासूच्या सासूचं."

"कुठली ती?"

"मुरुडकडची."

"हं," अव्वा म्हणाली आणि पदर सोडून दिला.

चहा आणते म्हणून मी आत आले. माझ्या मागोमाग मुलाची आई आली. "थांबा, बशा म्या घेते," असं बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली आणि पडदा सोडला.

"तुमीच ना त्या? मागल्या दारच्या?"

"आन तुमीच त्या. दाराआडच्या."

"हळू बोला."

"हळूच बोलायले म्या. तुमच्या सासूला सांगितलं न्हवतं?"

"कसं सांगू? जर्मनचं भांडं घरात येऊ देत न्हवती ती. घागरी म्या गोठ्यात झाकून ठेवायचे. येक घागर तर पहिल्याच महिन्यात गळाय लागली तुमची."

"गळली? माझी घागर?" माझा आवाज चढला. तिनं माझा दंड धरला. "वाजवून दिली व्हती म्या. तुमी आपटली असंल."

"बरं, म्या आपटली. आता काय करायचं ते सांगा. अव्वाला कळलं तर ह्या वयात मला सगळ्यांम्होरं… तुमी न्हाई ओळखत तिला."

आता बघा. एका क्षणापूर्वी मी घाबरलेली होते. तिचं तोंड पाहून मला कळलं की ती माझ्याहून जास्त घाबरली आहे. आणि समोरच्याची गरज कळली की मी काय करते ते मी वर लिहिलंच आहे.

"स्थळ पक्कं," मी म्हणाले. "घरात तुमी 'हाव' म्हणायचं. देणंघेणं काही न्हाई. मानपान न्हाई. लग्न दोघांनी निम्मं निम्मं."

"मानपानाचं अव्वा बघती."

"तुमी बघा."

तिनं डोळे मिटले. "बरं. पण मंग लुगडं पोरीसंगं येईल. आमच्या घरात परत येईल ते."

"ते माझं हाय. दोन घागरी दिल्यात म्या."

"एक गळत व्हती."

मी चहा गाळायला घेतला. "बरं. येईल. पण कुणाचं व्हतं, कसं आलं, ते तुमी काढायचं न्हाई, म्या काढायचं न्हाई. जलमभर."

"जलमभर," ती म्हणाली.

आम्ही दोघी वळलो तर पडद्याशी माझी मुलगी उभी. हातात रिकामा ट्रे. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिनं ट्रेमध्ये कप ठेवले, एकेक करून, आवाज न करता, आणि बाहेर गेली.

निघताना सगळे अंगणात आले. मुलगी अव्वाच्या पाया पडली, आणि उठताना मोठ्यानं, शाळेत मुलांना सांगतात तशा सरळ आवाजात म्हणाली, "अव्वा, हे लुगडं माझ्या पणजीचं नाही. दुष्काळात माझी आई डोक्यावर भांडी घेऊन गावोगाव फिरायची आणि भांड्यावर जुने कपडे घ्यायची. त्यातलं हे आहे. कुणाकडचं, ते मी सांगणार नाही."

मुलगा जीपच्या दाराशी होता, तो तिथंच थांबला. त्याच्या वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. शेजारच्या दोन बायका कंपाउंडवर टेकून ऐकत होत्या. दहा वर्षं मी जे गल्लीला विसरायला लावत होते ते तिनं एका दमात अंगणात मांडलं. मुलाची आई पांढरी पडली होती. मी तिच्याकडं बघितलं, की आता तरी ही काही बोलेल. ती पदरानं गळा पुसत जीपमध्ये चढली.

अव्वानं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या आधारानं पायरीवर पाय दिला. "नीट दिसत न्हाई मला," म्हणाली. "चल रे, घे गाडी."

तेवढंच. त्यातून काय समजायचं?

मुलगी आत आली, लुगडं सोडलं, नीट घडी घातली. मी तिला काय काय बोलले ते आठवलं की आजही लाज वाटते. तिनं एकदाच उत्तर दिलं. "तू माझं लगीन ठरवत व्हतीस का घागर इकत व्हतीस, आई?" मग शाळेला निघून गेली.

अकरा दिवस निरोप आला नाही. मी दुकानात भाव चुकीचे सांगायला लागले. एका गिऱ्हाइकाला हंड्याच्या किमतीत घंगाळ दिलं. दारावरून सायकल गेली तरी मान वर करायचे. मालक म्हणाले, "होईल तसं होईल," तर त्यांच्यावर खेकसले. मुलगी रोज शाळेला जात होती, येत होती. वेणी एकदाच घालायची. कचेरीत कागद न्यायचे होते ते तिनं दुसऱ्या बाईंकडं दिले. ते पाहून मला कळलं की मी काय घालवायला निघाले होते, आणि तिनं काय पणाला लावलं होतं.

बाराव्या दिवशी स्वामी आले. चहाच्या आधीच म्हणाले, "पसंत हाय. अव्वा म्हणल्या, पोरगी खरं बोलती. घरात येक तरी पायजे तसं माणूस." देणंघेणं काही नाही, लग्न निम्मं निम्मं. विहीणबाईंनी शब्द पाळला होता.

मीही पाळला. लुगडं मुलीबरोबर गेलं. अव्वानं ते उघडून पाहिलं का, ओळखलं होतं का, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. चार वर्षांनी ती गेली. मुलगी तिथं सुखात आहे, हे मी खोटेपणानं म्हणत नाही. जावई चांगला माणूस आहे. दोघं अजून शाळेचे आणि कचेरीचे कागद एकमेकांना वाचून दाखवतात.

पण माझ्या मनातली एक गोष्ट जात नाही. सौद्याला दोन हात लागतात. मी घेतलं, तिनं दिलं. त्या अंगणातल्या बोलण्यानंतर घेणारी कोण ते सगळ्या सोयऱ्यांना कळलं. देणारी कोण ते एकालाही नाही. सणाला त्यांच्याकडं गेले की चार बायकांत विहीणबाई माझ्या पाठीवर हात ठेवून सांगतात, "आमच्या विहीणबाई लई कष्टाळू बरं का. दुष्काळात डोक्यावर भांडी घिऊन फिरल्यात त्या." बायका 'अगं बाई' म्हणतात, माझ्याकडं कौतुकानं बघतात. तिच्या शब्दाच्या शेवटी तो श्वास सुटतो. माझ्या जिभेवर सगळं येतं, गाव, बोळ, हिरव्या बांगड्या. तेवढ्यात मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते. ती नुसती माझ्याकडं बघते. तिला त्या घरात राहायचं आहे, आणि मला संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं आहे. मी म्हणते, "हाव, फिरले की," आणि ताटातली पुरणपोळी मोडते.